घरीच राहा म्हणालात, गोळ्यांचं काय?

मे २०२० पासून केंद्रीय गृह मंत्रालयाच्या टाळेबंदीच्या आदेशांत एक वाक्य ठरून गेले होते. ६५ वर्षांवरील व्यक्ती, सहव्याधी असलेले, गरोदर महिला आणि दहा वर्षांखालील मुले यांनी घरीच राहावे. अत्यावश्यक गरज आणि आरोग्याचे कारण एवढाच अपवाद. राज्यांच्या आदेशांत तेच वाक्य आले, सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर लागले, गावात दवंडी आणि रिक्षावरच्या भोंग्यातून ऐकू आले. वृद्धांसाठी त्या काळात सरकारकडे जे धोरण होते, ते पहिले वर्षभर जवळजवळ या एका वाक्यातच संपत होते.

वाक्य चुकीचे नव्हते. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की, देशातल्या कोविड मृत्यूंपैकी ५३ टक्के मृत्यू साठीच्या पुढच्यांचे आहेत. विषाणू कसा वागतो हे कुणालाच नीट कळले नसताना, लस नसताना, म्हाताऱ्या माणसांना गर्दीपासून लांब ठेवा असे सांगण्याला पर्याय नव्हता. माझी तक्रार त्या सांगण्याविषयी नाही, त्यानंतर जे व्हायला हवे होते त्याविषयी आहे. ज्या माणसाला तुम्ही घरात बसवता, त्याचा मधुमेह काही दाराबाहेर थांबत नाही. त्याचा रक्तदाब, त्याचे प्रोस्टेट, तिचा संधिवात, अर्धांगानंतरची फिजिओथेरपी, दर काही आठवड्यांनी बदलायची लघवीची नळी, आठवड्यातून दोन-तीनदा लागणारे डायलिसिस हे सगळे त्याच घरात त्याच्याबरोबर बसते. आपण संसर्गापासून जपणे हीच वृद्धांची संपूर्ण आरोग्यसेवा समजलो, आणि ही समजूत महामारी संपल्यावरही गेलेली नाही.

किती लोकांचा हा प्रश्न होता? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे सुमारे १ कोटी ११ लाख लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या ९.९ टक्के. २०२० पर्यंत ते अर्थातच वाढले. मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. देशातल्या ज्येष्ठांपैकी ७५ टक्क्यांना कुठला ना कुठला जुनाट आजार आहे, असे त्यात निघाले. म्हणजे चार म्हाताऱ्या माणसांना ‘घरी बसा’ म्हटले की त्यातल्या तिघांच्या घरी औषध जायला हवे, हे हिशेबाचे साधे गणित सरकारच्याच हातात होते.

औषध जायला हवे, हे कुणाला सुचलेच नाही असेही नाही. खरी चीड इथेच येते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीला तीन आठवडे होत असताना, अत्यावश्यक आरोग्यसेवा कशा चालू ठेवाव्यात याची मार्गदर्शक सूचना काढली. रक्तदाब, मधुमेह, दम्यासारखा श्वसनविकार, मानसिक आजार अशा नोंदणीकृत रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे आशा स्वयंसेविका किंवा उपकेंद्रामार्फत द्यावीत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. चांगली, शहाणी सूचना. पण ती पाळली जाते की नाही हे विचारणारे कुणी नव्हते. रोज संध्याकाळी जे बुलेटिन निघे त्यात नवे बाधित, बरे झालेले, मृत्यू, चाचण्या यांचे आकडे असत. आज किती रुग्णांना गोळ्या मिळाल्या नाहीत, किती डायलिसिस चुकले, किती जणांची केमो पुढे ढकलली, हा रकाना त्यात कधीच नव्हता. सरकारी यंत्रणेत ज्याचा आकडा रोज वर जातो त्याची चिंता रोज होते. ज्याचा आकडाच मागितला जात नाही, त्याबद्दल जिल्हाधिकाऱ्याला रात्री फोन येत नाही.

आता जमिनीवर काय झाले ते पाहू. राज्यातली बहुतेक जिल्हा रुग्णालये, ज्यांना आपण सिव्हिल म्हणतो, ती कोविडसाठी राखून ठेवली गेली. मुंबईत नायर रुग्णालय पूर्णपणे कोविडसाठी दिले. पुण्यात ससूनची नवी अकरा मजली इमारत त्याच कामाला लागली. त्या क्षणी हे करणे भाग होते. पण सिव्हिल म्हणजे गरीब म्हाताऱ्या माणसाचे फक्त रुग्णालय नसते, महिन्याच्या गोळ्या फुकट मिळण्याचे ते ठिकाण असते. केसपेपर काढायचा, रांगेत उभे राहायचे, खिडकीवरून कागदाच्या पुडीत गोळ्या घ्यायच्या. ती खिडकी बंद झाली की उरते ते मेडिकल दुकान. दुकाने उघडी होती, कुणीच ती बंद केली नव्हती. पण श्रावणबाळ आणि केंद्राचे निवृत्तिवेतन मिळून तेव्हा महिन्याला १ हजार रुपये येत. त्यातून किराणा भागवायचा की दोन प्रकारच्या गोळ्या आणायच्या, याचा निर्णय ज्या घरात झाला, तो कुठल्या पाहणीत नोंदला गेला असेल असे मला वाटत नाही.

खेड्यातली गोष्ट आणखी वेगळी. तिथे आरोग्यसेवेचा पहिला टप्पा डॉक्टर नसतो, एसटी असते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सकाळच्या गाडीने जायचे आणि दुपारच्या गाडीने परत यायचे, हा ज्येष्ठांचा ठरलेला क्रम. ती गाडी मार्चमध्ये थांबली. रेड झोन सोडून जिल्ह्याअंतर्गत फेऱ्या २२ मे २०२० ला सुरू झाल्या, आंतरजिल्हा वाहतूक थेट २० ऑगस्टला. महामारी ओसरत आली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्मचाऱ्यांचा संप पेटला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. संपकऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या की नव्हत्या, हा वेगळा विषय. माझा मुद्दा इतकाच की, दोन वर्षांच्या काळात कित्येक महिने वाडी-वस्तीवरच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात जायला वाहन नव्हते, आणि आरोग्य खात्याच्या आराखड्यात एसटीच्या फेरीचा विचार झालेला माझ्या तरी पाहण्यात नाही. ‘आरोग्याच्या कारणासाठी बाहेर पडता येईल’ हा अपवाद कागदावर होता. बाहेर पडून जायचे कशाने, ते कागदावर नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. ती योजना चांगलीच आहे, कदाचित अलीकडच्या काळातली वृद्धांच्या आरोग्यासाठीची सर्वांत उपयोगी योजना तीच असावी, जरी ती आरोग्य खात्याची नसली तरी.

कोकणात तर गाव आणि मुलगा यांच्यामध्ये जिल्हा ओलांडायला लागणारा ई-पास उभा होता. आई-वडील सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या एखाद्या वाडीत, मुलगा मुंबईत चाळीत किंवा विरारला. वडिलांना दवाखान्यात न्यायला त्याने यायचे तर ऑनलाइन अर्ज, डॉक्टरचा दाखला, मंजुरीची वाट. आणि गावात पोहोचला की चौदा दिवस शाळेत विलगीकरण. तोपर्यंत वडिलांना कुणी न्यायचे?

शहरात वाहन होते, डॉक्टर नव्हता. एप्रिल २०२० मध्ये गल्लीतले खासगी दवाखाने मोठ्या संख्येने बंद झाले. डॉक्टरांचीही बाजू होती. पीपीई किट मिळत नव्हते, त्यांच्यातले अनेक स्वतःच साठीचे होते, आणि एखादा रुग्ण बाधित निघाला की दवाखाना सील व्हायचा. सरकारने परवाने रद्द करण्याच्या धमक्या दिल्या. त्याऐवजी किट दिले असते तर जास्त दवाखाने उघडले असते, असे माझे मत आहे. मोठ्या रुग्णालयांत दाखल व्हायचे तर आधी कोविडचा अहवाल आणा. अहवालाला दोन-तीन दिवस. छातीत दुखणाऱ्या माणसाने ते कुठे काढायचे? आणि मग आमच्या सोसायट्या. ज्या घरात अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत, त्या घरी येणाऱ्या मावशीला किंवा ब्रदरला सेक्रेटरीने गेटवरून परत पाठवले. घरकाम करणाऱ्या बाईच्या येण्यावरून वाद झाले, वर्तमानपत्रांत आले. पण पाठीवर जखमा झालेल्या माणसाला कूस बदलून देणारी व्यक्ती ही ‘बाहेरची’ नसते, ती उपचाराचा भाग असते, हे बहुतेक कमिट्यांना उमगलेच नाही.

या सगळ्यापेक्षा अवघड एक गोष्ट आहे, आणि तिचा दोष सरकारवर ढकलता येत नाही. आपली म्हातारी माणसे मागतच नाहीत. ‘आता वय झालं, चालायचंच’, ‘पोराला कशाला त्रास, आधीच त्याची नोकरी गेली’, ‘एवढं काही नाही, बाम लावते’ ही वाक्ये महामारीच्या आधीही होती. महामारीने त्यांना एक भारदस्त कारण दिले: बाहेर कोरोना आहे. गोळी रोज घ्यायची ती एक दिवसाआड घ्यायची, म्हणजे पाकीट महिनाभर पुरते. पायाची जखम लुगड्याच्या काठाखाली झाकायची. बायकांच्या बाबतीत हे अधिकच, कारण घरात औषधाचा खर्च कुणावर आधी करायचा याचा क्रम ठरलेला असतो आणि म्हाताऱ्या बाईचा नंबर त्यात शेवटी लागतो. रुग्णालयात आलेल्यांना मोजणारी व्यवस्था, जे आलेच नाहीत त्यांना कशी मोजणार? पूर्ण न झालेल्या गरजांचा मोठा भाग असा घरातच मुरतो. म्हणूनच तो शोधायला दारापर्यंत जाणारे कुणीतरी लागते.

आणि गंमत बघा, दारापर्यंत गेले होते! १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर २०२० या काळात राज्य सरकारने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम चालवली. आशा आणि दोन स्वयंसेवक असे पथक घरोघरी, तेही दोन फेऱ्यांत. ताप मोजायची बंदूक आणि ऑक्सिमीटर हातात, सहव्याधी कुणाला आहेत याची विचारणा. संपूर्ण राज्यातल्या मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांपर्यंत सरकार एकदम पोहोचण्याचा असा प्रसंग आधी आला नव्हता. पण सगळा भर कोविडचा रुग्ण हुडकण्यावर. रक्तदाबाचे यंत्र पथकाकडे नव्हते. ‘आजोबा, बीपीच्या गोळ्या चालू आहेत का, किती उरल्यात, ह्या घ्या महिनाभराच्या’ हे वाक्य त्या फेरीत बोलायला फार खर्च आला नसता. ॲम्लोडिपिनसारखी रक्तदाबाची गोळी स्वस्तात स्वस्त औषधांपैकी एक आहे. इतके मनुष्यबळ, इतकी तयारी, आणि दारात उभे राहून आपण फक्त ताप मोजून परत आलो.

लसीची कथा तर न्यायालयातच नोंदलेली आहे. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. को-विनवर नोंदणी, ओटीपी, केंद्रावर रांग. ज्याला चालता येते त्याने कसेबसे निभावले. अंथरुणावरच्यांचे काय, म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आली. केंद्राने सांगितले की घरोघरी लस देणे शक्य नाही: लस वाया जाईल, दूषित होईल, दिल्यावर अर्धा तास देखरेख लागते. न्यायालयाने मुंबई महापालिकेला विचारले, तुमची तयारी असेल तर आम्ही परवानगी देतो. महापालिका केंद्राच्या धोरणाकडे बोट दाखवत राहिली. एका ज्येष्ठ राजकीय नेत्याला घरी लस मिळालीच कशी, असाही प्रश्न न्यायालयाने विचारला. केंद्राने मे महिन्यात काढले ते ‘घराजवळ’ लसीकरणाचे धोरण, घरात नव्हे. मुंबईत अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस द्यायला सुरुवात झाली ती जुलै २०२१ च्या अखेरीस. मधल्या पाच महिन्यांत दुसरी लाट येऊन, माणसे नेऊन, ओसरूनही गेली होती. सप्टेंबरमध्ये केंद्रानेही घरी लस द्यायला मान्यता दिली, तेव्हा दूषित होण्याचे आणि देखरेखीचे प्रश्न कसे काय सुटले, ते कुणी सांगितले नाही.

टेलिमेडिसिनबद्दल, म्हणजे फोन-व्हिडिओवरून मिळणाऱ्या डॉक्टरी सल्ल्याबद्दल, थोडक्यात. मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० ला आली, ई-संजीवनी ही सरकारची ऑनलाइन ओपीडी एप्रिलमध्ये सुरू झाली, आणि ज्यांच्या घरात स्मार्टफोन हाताळणारा नातू होता त्यांना तिचा फायदा झालाही. कमी ऐकू येणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या बाईला स्क्रीनवरचा डॉक्टर म्हणजे आणखी एक न समजणारी गोष्ट.

पुढे ढकललेल्या उपचारांचे ओझे नंतर कसे उभे राहते, त्याचे मोतीबिंदू हे उत्तम उदाहरण. शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची, निकड कधीच नाही, म्हणून सगळ्यात आधी तीच थांबली. पण दिसत नसलेला माणूस पडतो. खुबा मोडतो. मग अंथरूण, मग छातीत कफ. २०२२ मध्ये केंद्राला राष्ट्रीय नेत्र ज्योती अभियान काढून तीन वर्षांत २ कोटी ७० लाख शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट ठेवावे लागले. त्या प्रतीक्षेच्या काळात पडलेल्यांचा हिशेब कुठल्याच अभियानात येत नाही, त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर मोतीबिंदू लिहिलेला नसतो.

यातून आपण काय शिकलो? ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचे वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचे कवच मिळू लागले. मी त्याला नावे ठेवणार नाही. एखाद्याची बायपास त्यावर होते, घर विकावे लागत नाही. पण हे कवच रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे: दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यावरचे १५ दिवस. सोळाव्या दिवसापासून ती व्यक्ती पुन्हा स्वतःच्या खिशावर. रक्तदाबाची गोळी, साखर तपासणे, डोळ्यांची-पायांची तपासणी, घरी येणारी परिचारिका यांपैकी काहीच त्यात बसत नाही. गोळी चुकल्यामुळे पक्षाघात झाला, तर पक्षाघाताचा खर्च सरकार करणार. गोळीचा मात्र नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांसाठी एकदाच ३ हजार रुपये खात्यावर येतात. पैसे येतात, पण कान तपासून कुठले यंत्र लावायचे हे सांगणारा माणूस त्या पैशात तालुक्याला येत नाही. (रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये ‘अनावश्यक प्रवास टळावा’ म्हणून बंद केली. महामारी गेली तरी ती परतली नाही. आता बहुधा शहरात तपासणीसाठी येणेही अनावश्यक असावे.)

हे वेगळ्या रीतीने करता येते, आणि त्यासाठी परदेशात बघायला नको. देशातल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे आपले जिल्हे सुरुवातीपासून होते. प्रत्येक रुग्णाचे कार्ड, ठरावीक दोन-तीन औषधे, आणि ती जवळच्या उपकेंद्रावर मिळतील अशी सोय. टाळेबंदीत रुग्णापर्यंत औषध नेणे अशा ठिकाणी जमू शकले, कारण कुणाला काय द्यायचे याची यादी आधीच तयार होती. तामिळनाडूने ५ ऑगस्ट २०२१ ला कृष्णगिरी जिल्ह्यातून ‘मक्कळैत् तेडि मरुत्तुवम्’ (लोकांना शोधत जाणारी वैद्यकीय सेवा) सुरू केले. रक्तदाब-मधुमेहाची औषधे घरी, फिजिओथेरपी घरी, शुश्रूषा घरी. महामारी चालू असतानाच त्यांना हे सुचले आणि ती सरल्यावरही त्यांनी ते बंद केले नाही. केरळने तर २००८ मध्येच पॅलिएटिव्ह सेवेचे, म्हणजे गंभीर आजाऱ्यांच्या वेदना हलक्या करणाऱ्या शुश्रूषेचे, धोरण करून ती ग्रामपंचायतींच्या कामात घातली. त्यामुळे २०२० मध्ये तिथल्या पंचायतीला अंथरुणावरचे रुग्ण कोण आहेत हे शोधावे लागले नाही.

‘म्हाताऱ्यांचे बघणे हे मुलांचे काम, सरकारचे नाही’, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यात तथ्य आहे आणि २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याने ते मुलांवर बंधनकारकही केले आहे. पण त्याच कायद्याच्या विसाव्या कलमात सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी खाटा, वेगळी रांग, जुनाट आजारांवर उपचाराची सोय या जबाबदाऱ्या राज्यावर टाकल्या आहेत. मुलगा पिंपरीत किंवा न्यू जर्सीत असो, तो पैसे पाठवू शकतो, फोन करू शकतो. लघवीची नळी बदलायला जी परिचारिका लागते ती गावात असायला हवी, आणि ती तो निर्माण करू शकत नाही.

ही सेवा लाट आल्यावर उभारता येत नाही. यादी आधी हवी, औषधांचा साठा उपकेंद्रावर आधी हवा, तीन महिन्यांची पुडी देण्याचा अधिकार परिचारिकेला आधीच दिलेला हवा, आणि दर आठवड्याला ‘किती जणांचे औषध चुकले’ हा आकडा वरपर्यंत जायला हवा. पण इथे एक अडचण आहे, जी आम्ही लेखक मंडळी सहज विसरतो. हे सगळे शेवटी आशाताईच्या पिशवीत येऊन पडणार. राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा जून २०२१ मध्ये संपावर गेल्या होत्या, कारण कोविडच्या कामाचा मोबदला त्यांच्या कष्टांच्या जवळपासही नव्हता. त्या अजूनही कर्मचारी नाहीत, कामागणिक पैसे मिळणाऱ्या स्वयंसेविका आहेत. तामिळनाडूने या कामासाठी वेगळ्या महिला आरोग्य स्वयंसेविका घेतल्या. महाराष्ट्रानेही निदान ज्या जिल्ह्यांत वृद्धांचे प्रमाण जास्त आहे, म्हणजे सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि साताऱ्यासारखे, तिथे वेगळी पदे काढावीत आणि त्यांचा पगार आरोग्य खात्याच्या नियमित तरतुदीतून द्यावा. पुढच्या अर्थसंकल्पात ही तरतूद आली नाही, तर आमदारांनी अधिवेशनात एवढे तरी विचारावे की १४ एप्रिल २०२० ची सूचना आपल्या जिल्ह्यात किती रुग्णांच्या बाबतीत पाळली गेली.